अंगावरून वारं गेलं म्हणजे काय झालं?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'एआय आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. पुण्यात वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला दुसरा विषय कोण देणार? पण मी त्यांना विचारून तो बदलला. आपण पंचेचाळिशीला आलो. आपले आईवडील सत्तरी-पंच्याहत्तरीचे झाले, आणि त्यातले कितीतरी अजून इथेच धारूरला आहेत. आपण पुण्याला, मुंबईला, संभाजीनगरला, एक-दोघं तर अमेरिकेला. त्यामुळे मला आज लकव्यावर बोलायचं आहे. सणासुदीसारख्या दिवशी हा काय विषय, असं वाटेल. पण आपण सगळे एका मांडवाखाली परत कधी येणार?

मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीतला डॉक्टर दुसऱ्या रांगेत बसला आहे. हा कागद त्याने आधी वाचला आहे, तरी चुकले तर हात वर करायचा अधिकार त्याला आहे.

आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांग, पुस्तकात पक्षाघात असतं, दवाखान्यात स्ट्रोक. यातला 'वारं' हा शब्द मला ऐकायला आवडतो, पण त्याने आपलं नुकसान केलं आहे. वारं म्हटलं की उपाय तेलाचा, शेकाचा. हात लुळा पडला की आपण हात चोळतो. कुणी पारव्याचं रक्त लावायला सांगतं, कुणी अमुक गावच्या औषधाला न्यायला सांगतं. हाताला काहीच झालेलं नसतं. जे झालं ते डोक्यात, मेंदूच्या रक्तवाहिनीत. नववीत सरांनी फळ्यावर लाल-निळ्या खडूने हृदय आणि रक्तवाहिन्या काढल्या होत्या, आठवतं? सर, ती आकृती मी आजही काढू शकते. त्यातली मेंदूकडे जाणारी लाल रेघ, आजचं सगळं त्या रेघेवर आहे.

ती वाहिनी दोन प्रकारे बिघडते. एक तर तुंबते किंवा फुटते. आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणं काय असतं ते आपण बघितलं आहे. पाणी आलं नाही की दोन शक्यता: पाइपात काहीतरी अडकलं, किंवा वाटेत पाइप फुटला. घरात नळाखाली घागर घेऊन बसलेल्या माणसाला दोन्हींत काही फरक कळत नाही. त्याचा नळ कोरडा.

दहांतल्या साधारण आठ जणांत वाहिनी तुंबलेली असते. मानेतल्या किंवा मेंदूतल्या वाहिनीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. नाहीतर गुठळी हृदयात तयार होते आणि वाहत मेंदूत जाऊन अडकते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आहेत, त्यांना हा धोका जास्त. उरलेल्या दोघांत वाहिनी फुटते आणि मेंदूत रक्त साचतं. त्याचं मोठं कारण वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब. आणखी एक प्रकार असतो, वाहिनीला आलेला फुगा फुटण्याचा. त्यात हातपाय चालू असतात, पण आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात दुखायला लागतं. ते दुखणं पित्ताचं समजून गोळी घेऊन झोपू नये.

एक प्रकार खास बायकांसाठी सांगते, कारण तो तरुणपणी होतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालं तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नीलांमध्ये गुठळी होऊ शकते. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात, अंग सुजेल म्हणून. मैत्रिणींनो, आपल्या लेकी-सुना आता त्या वयाला येतील. बाळंतिणीला भरपूर पाणी द्या; आणि तिचं डोकं सतत दुखत असेल, आकडी आली किंवा हात जड वाटला, तर 'बाळंतवात' म्हणून घरात ठेवू नका.

आता आमच्या अण्णांचं सांगते. तुमच्यातल्या निम्म्यांचं गणवेशाचं कापड त्यांच्या दुकानातून गेलेलं आहे. अण्णा गिऱ्हाइकाला नावाने ओळखायचेच, त्याच्या बापाचं नाव आणि मागच्या दिवाळीला नेलेलं कापडही त्यांना पाठ. २०१९ च्या उन्हाळ्यात दुपारी दीड वाजता जेवताना त्यांच्या हातातून घास सुटला. आईने विचारलं तर बोलणं बोबडं आलं. शेजारचे म्हणाले, ऊन लागलं, पित्त झालं, पडू द्या जरा. ते पडले. चार वाजता उठले तर उजवा पाय ओढत होते. मग एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे रक्तदाब बघितला, सलाइन लावलं आणि दीड तास ठेवून घेतलं. तिथे सीटी स्कॅनची सोय नव्हती. मला पुण्यात फोन आला तो साडेपाचला. मग आम्ही तिन्ही भावंडं फोनवर. एक म्हणे लातूर, एक म्हणे बीड, चुलते म्हणत उद्या सकाळी बघू. सीटी झाली तेव्हा साडेसात वाजले होते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांना शेवटचं ठणठणीत कधी बघितलं?" माझ्या धंद्यातही रात्री दोनला सिस्टिम पडली की पहिला प्रश्न हाच असतो: शेवटी नीट कधी चालत होतं? आईने सांगितलं, दीड. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. सहा तास. वाहिनी तुंबलेली होती, रक्तस्राव नव्हता. म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ज्यांना देता येतं त्यांतलेच अण्णा होते, फक्त त्याची वेळ टळून गेली होती.

ती वेळ साडेचार तासांची आहे. अमेरिकेत १९९५ साली ६२४ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. तीन तासांच्या आत हे इंजेक्शन मिळालेल्यांत तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण, न मिळालेल्यांपेक्षा निदान तीस टक्क्यांनी जास्त होतं. २००८ साली युरोपातल्या अभ्यासाने ती मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. पण साडेचार म्हणजे शेवटची बस. मोठी वाहिनी तुंबली असेल तर मेंदूच्या सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशोब २००६ साली एका अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने मांडला आहे. पहिल्या तासात दिलेलं इंजेक्शन आणि चौथ्या तासात दिलेलं इंजेक्शन, औषध तेच, गुण वेगळा.

याच प्रकारातलं टेनेक्टेप्लेज हे औषध आता आपल्या पुण्यात, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीत तयार होतं. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच. अण्णांच्या नंतर त्या पाटीकडे बघितल्याशिवाय मी तिथून गेलेले नाही.

आता धारूरचा हिशोब मांडू. आडसमार्गे अंबाजोगाई चाळीसेक किलोमीटर, बीड साठाच्या आसपास. गाडी मिळून निघून पोचायला तास-सव्वा तास धरा. दवाखान्यात तपासणी, रक्तातली साखर, सीटी, कागदपत्रं यात एक तास. साडेचारातून हे गेले की घरात निर्णय घ्यायला उरतात सव्वादोन, फार तर अडीच तास. आमच्या घरी त्यातले अडीच तास झोपेत गेले आणि दीड तास सलाइनमध्ये. फोनवरची आमची चर्चा तर मुदत संपल्यावरची होती.

सीटी का लागते, तर मघाचा नळ आठवा. तुंबलं की फुटलं हे बाहेरून कुणालाही, मोठ्यात मोठ्या डॉक्टरलाही, नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. फुटलेल्या वाहिनीला गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर रक्तस्राव वाढून माणूस जाईल. म्हणून कवटीच्या आत बघावं लागतं. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं आणि पाच मिनिटांत निवाडा होतो. मात्र तुंबलेल्या प्रकारात पहिल्या काही तासांत सीटी साधी, स्वच्छ दिसू शकते. "सीटी नॉर्मल आली, घरी चला" असं नातेवाईक म्हणतात तिथे फसतात. रक्त दिसत नाही, एवढाच तिचा अर्थ. बारीक आणि ताजी इजा एमआरआयमध्ये दिसते.

हे यंत्र एका इंजिनिअरने बनवलं, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. गॉडफ्री हाऊन्सफिल्ड. ईएमआय या ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिटिश कंपनीत तो संगणक बनवायचा. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूची सीटी निघाली आणि १९७९ मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या आधी जिवंत माणसाच्या मेंदूतला रक्तस्राव असा सरळ बघायची सोय नव्हती.

इंजेक्शनची एक अडचण स्पष्ट सांगायला हवी, कारण ती तुमच्यापुढे सहीच्या कागदावर येणार आहे. १९९५ च्या त्याच चाचणीत औषध दिलेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. न दिलेल्यांत शंभरात एकालाही नाही. डॉक्टर हे सांगतात आणि घरचे घाबरतात. "थोरला येऊ द्या, मग सही करू." थोरला पुण्याहून निघालेला असतो. तो धोका धरूनसुद्धा एकूण फायदा जास्त निघाला, म्हणून तर औषध मान्य झालं. सहीचं घरात आजच बोलून ठेवा. जो जवळ असेल त्याने सही करायची, पुण्याच्या माणसाने फोनवर "कर" एवढंच म्हणायचं.

२०१५ पासून आणखी एक उपचार पक्का झाला आहे. मांडीच्या वाहिनीतून बारीक तार मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. मोठी वाहिनी तुंबली असेल तरच हे करतात, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतं. ही सोय मोठ्या शहरांतच आहे. तरी सकाळी उठल्यावर लकवा दिसला तर 'आता वेळ गेली' असं घरीच ठरवू नका. झोपेतल्या झटक्याची वेळ झोपायला गेल्यापासून धरतात, पण काहींना तपासणीनंतर उपचार मिळू शकतो.

ओळखायचं कसं? हसायला सांगा: तोंड एका बाजूला जातं का. दोन्ही हात समोर वर धरायला सांगा: एक खाली येतो का. एक साधं वाक्य बोलायला सांगा, आपल्या शाळेचं नाव घ्यायला सांगा: जीभ अडखळते का. यातलं एक जरी अचानक झालेलं दिसलं तरी निघा. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने न दिसणं, एकाची दोन दिसणं, हेही त्यातच. दुखत मात्र बहुतेक वेळा काही नाही, आणि घात तिथेच होतो. छातीत कळ आली की आपण पळतो. हात नुसता जड झाला तर 'अंगाखाली आला असेल' म्हणतो.

आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तर? तर देवाचे आभार माना आणि तरीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गुठळी अडकून सुटलेली असते. अशांतल्या साधारण दहातल्या एकाला पुढच्या तीन महिन्यांत खरा झटका आल्याचं जुन्या अभ्यासात दिसलं होतं, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांत.

गाडी येईपर्यंत काय करू नये, हे आपल्या डॉक्टरने तीनदा अधोरेखित करून दिलं आहे. तोंडाने पाणी नको, चहा नको, कांदा हुंगवणं नको. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते, घोट फुप्फुसात जातो. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने देऊ नका. वाहिनी फुटलेली असेल तर? रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. तुंबलेल्या वाहिनीपलीकडे रक्त ढकलायला त्या वेळी तो दाब लागतो; एकदम उतरवला तर इजा वाढते. माणसाला कुशीवर झोपवा, घड्याळ बघून वेळ कागदावर लिहा, चालू गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ते पहिल्यांदा सांगा. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गाडी यायला उशीर आहे असं कळलं तर मिळेल त्या गाडीने निघा. आणि निघण्याआधी रुग्णालयात फोन करून एकच विचारा: सीटी आत्ता चालू आहे का आणि हे इंजेक्शन देता का? 'नाही' आलं तर दुसरं रुग्णालय.

हा श्रीमंतांचा, शहरातला रोग आहे असं कुणाला वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतल्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने, म्हणजे शंभरातले चौदा. इतर कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. आणि त्यातले ८७ टक्के लोक घरीच वारले.

हिमाचल प्रदेशात २०१४ च्या सुमारास एक चांगली गोष्ट सुरू झाली. तिथे डोंगर, आणि मेंदूतज्ज्ञ दोन-तीन गावांतच. त्यांनी जिल्हा रुग्णालयांत इंजेक्शन फुकट ठेवलं आणि तिथल्या साध्या फिजिशियनला शिकवलं. तो सीटीचा फोटो मोबाइलवरून तज्ज्ञाला पाठवतो, तज्ज्ञ फोनवर सांगतो, इंजेक्शन तिथेच दिलं जातं. यातलं तंत्रज्ञान आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. बालाघाटच्या डोंगरात ते का चालू नये, हा प्रश्न आपल्यातल्या राजकारणात असलेल्या दोघांनी पुढे न्यावा.

टाळता येतं का? बरंच येतं. रक्तदाब हा सगळ्यात मोठा चोर, आणि तो आवाज करत नाही. "मला काही त्रास नाही" हे वाक्य रक्तदाबाच्या बाबतीत निरर्थक आहे. आपण सगळ्यांनी वर्षातून निदान एकदा तो मोजायला हवा. गोळी सुरू झाली की 'बरं वाटलं' म्हणून बंद करायची नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं मी गावी आले की बघते: दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात, गोळ्या महिन्याभराच्या, परत यायचे चैत्राच्या आसपास. मधले महिने दाब वाऱ्यावर. निघतानाच पूर्ण हंगामाच्या गोळ्या बांधून द्यायला हव्यात. तंबाखू, विडी यांचं मी वेगळं सांगत नाही, पण बायकांच्या मिसरीला कुणी व्यसनात मोजत नाही, ती मोजा. साखरेचा आजार, ताटातलं मीठ, लोणचं-पापड, हेही आलंच. आज जेवणात तिन्ही आहेत, मी बघून आले.

अण्णा आता घरी असतात. उजवा हात चालत नाही, काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषा असते, ती गेली. त्यांना पाणी हवं असेल तर पाणी हा शब्द सापडत नाही. सगळ्याला "हो" म्हणतात. पण संध्याकाळी दिव्यापुढे आरती सुरू झाली की पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट म्हणतात, एक शब्द चुकत नाही. डॉक्टर सांगतात, पाठ असलेलं आणि गायलेलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. रोजचे व्यायाम आणि बोलण्याचा सराव यांनी पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त फरक पडला. तेवढे महिने कुणीही वाया घालवू नयेत. तुमच्यापैकी कुणी भेटायला आलं तर तुमच्याकडे बघून ते हसतात. नाव ओठावर आलेलं असतं, हे मला दिसतं.

आपल्याच तुकडीतल्या एकीच्या सासूबाईंना गेल्या वर्षी असंच झालं. नातवाने तोंड वाकडं झालेलं बघितलं, कुणाला न विचारता शेजाऱ्याची गाडी काढली. दीड तासात सीटी, दोन तासांच्या आत इंजेक्शन. त्या आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. सगळ्यांना इतकं सरळ जमतं असं नाही. फुटलेल्या वाहिनीला हे इंजेक्शन नसतं, वेळेत पोचूनही काहींना गुण येत नाही. पण त्या नातवाने जे केलं ते करायला डॉक्टर असावं लागत नाही.

निधीचं आता थोडं बोलते. प्रवेशद्वाराला कमान हवी असं बऱ्याच जणांचं मत आहे, आणि कमान सुंदर होईल यात शंका नाही. माझी सूचना एवढीच की त्यातले थोडे पैसे रक्तदाबाच्या चांगल्या यंत्रांसाठी ठेवू. ती शाळेत राहतील, आणि पालक सभेच्या दिवशी वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी पालकांचा दाब मोजायचा. मोजायला शिकवण्याचं काम डॉक्टरने पत्करलं आहे, त्याला आत्ताच कळतंय.

दुसरं, चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात तीन रकाने आहेत. आपल्यापैकी जे धारूरलाच राहतात आणि ज्यांच्याकडे चारचाकी आहे, त्यांनी नाव, फोन आणि रात्री फोन केला तर चालेल की नाही ते लिहायचं. जे बाहेरगावी आहेत त्यांनी मागच्या पानावर आईवडिलांचं घर कुठल्या गल्लीत, कडी उघडायला जवळ कोण, चालू औषधं कोणती, ते लिहायचं. संध्याकाळी मी ती उतरवून घेऊन आपल्या ग्रुपवर न टाकता फक्त गाडीवाल्यांना आणि ज्याच्या त्याच्या घरच्यांना पाठवीन. वहीला पेन दोरीने बांधलं आहे. आपली तुकडी मला माहीत आहे.